कासऱ्याचा हात

आपला पोरगा भितो, हे साऱ्या मुलखात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, हा विचार कोंडाबाईच्या मनातून काही केल्या जात नव्हता. भाकरी थापताना तो यायचा, गोठा झाडताना यायचा. मारुतीपुढे हात जोडले तरी डोळ्यांपुढे मारुती न राहता पोराचे हातच दिसायचे. नसरापूरपासून भोरपर्यंत तिच्या चिमाजीला लोक वाघ म्हणत. फटफटीवर बसलेला चिमाजी म्हैस आडवी आली तरी थांबत नाही, बैलगाडी आडवी आली तरी थांबत नाही, उलट वेग वाढवतो आणि बाजूने निसटतो, अशी त्याची ख्याती होती. कामथडीतल्या बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, "काय काळजाचा पोरगा हाय गं तुजा." कोंडाबाई नुसतं हं म्हणायची आणि हंडा उगाच जोराने घासायची.

कारण त्या वेगाचं मूळ तिला माहीत होतं. ते तिच्याच बांधावर रुजलं होतं.

चिमाजी लहानपणापासून घाबरट. विहिरीत डोकावायचा नाही. बेंदराला बैलांची शिंगं रंगवायची तर काठीला चिंधी बांधून लांबूनच रंगवायचा. बाप सावळाराम हसायचा आणि "येतोय धीर, वय काय त्याचं" म्हणायचा. पण तो धीर यायच्या आधीच सावळाराम हिवतापाने गेला, आणि ऐन नांगरटीच्या दिवसांत घरात एक बाई आणि एक पोर एवढीच उरली. बाईने पेरावं, खुरपावं, कापावं, मळावं. नांगराला मात्र हात लावू नये, ही तिकडची रीत. लावला तर पाऊस रुसतो म्हणतात. पाऊस रुसला असता तर कोंडाबाईने कसंही भागवलं असतं, पण गाव रुसलं असतं तर भागलं नसतं. म्हणून तिने पोराला नांगरामागे उभं केलं आणि आपण बांधावर उभी राहिली. कासरा पोराच्या हातात आणि अक्कल आईच्या तोंडात, असं ते शेत नांगरलं जायचं.

एका सकाळी पायाखालून लाव्हरी भुर्रकन उडाली आणि मोऱ्या नावाचा डावा बैल बुजला. नांगर उपटून धावत सुटला. पोर कासऱ्याला लोंबकळत ढेकळांवरून फरपटत चाललं.

"सोडू नगंस, चिमा," कोंडाबाई बांधावरून ओरडली. "हात पोटाशी घे. अंग मागं टाक. वढ."

पोराने डोळे मिटले, दोन्ही हात पोटाशी घेतले, अंग मागे टाकलं आणि ओढलं. मोऱ्या थांबला. सोललेल्या गुडघ्यांवर हळद दाबताना ती म्हणाली, "भ्या वाटलं की वढायचं. सोडलंस तर गेलास. ध्यानात ठेव."

त्याच्या डोक्याने ते किती ठेवलं कोण जाणे, हातांनी मात्र जन्मभरासाठी ठेवलं. पुढे तो उंच झाला, मिशी फुटली, गाडीवान म्हणून चार लोकांत उठू-बसू लागला. पण वळणावर समोरून काही आलं की त्याचे हात आधी पोटाशी जायचे, मग त्याला कळायचं की आपण भ्यालो.

लढाई संपली आणि मोटारी वाढल्या तसं बैलगाडीचं भाडं आटत गेलं. भोर-पुणे रस्त्यावर ज्या प्रवासी मोटारी धावत त्या पुण्याच्या मानसिंगरावांच्या. गाड्या जुन्या, मनात येईल तिथे बसत. बसलेल्या गाडीला ट्यूब, पट्टा, प्लग पोचवायला कोणीतरी धावणारा हवा, म्हणून मानसिंगरावांनी लष्कराच्या लिलावातून एक खाकी फटफटी उचलली आणि नसरापूरच्या आपल्या शेडमध्ये आणून ठेवली. ती चालवणारा माणूसही शेडमध्येच होता, पण अर्धा. भिमा मेस्त्रीने लढाईत इटलीच्या डोंगरांतून साहेबांची टपालं फटफटीवर पोचवली होती. घरी आला तो उजवा पाय ताठ होऊन. फटफटीला लाथ मारून चालू करणं आता त्याच्याने होत नव्हतं. त्याला शिकवायला माणूस पाहिजे होता, आणि चिमाजीला काम.

"फटफटी?" कोंडाबाई म्हणाली. "तुला मोऱ्या झेपत न्हवता."

"मोऱ्या बुजायचा, आये. ही कशी बुजंल? हिला शिंगं न्हाईत, शेपूट न्हाई, जीवबी न्हाई. आपून सांगंल तेवढंच करती."

हे कोंडाबाईलाही पटलं. ज्याला जीव नाही त्याला भीती कुठली? बसणाऱ्याची भीती त्याच्यात उतरते, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही.

भात कापून मोकळ्या पडलेल्या खाचरात शिकवणी सुरू झाली. सगळं गाव बांधावर बसलं. भिमाने चिमाजीच्या उजव्या हातावर आपला हात ठेवला.

"ही मूठ. आपल्याकडं पिळली की पळंल. पुढं सोडली की निवंल. बाकी समदं मागनं. आधी मूठ."

फटफटी निघाली. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्या फेऱ्याला बांधालगतची ठकुबाईची पेंढ्याची गंजी समोर आली. चिमाजी घाबरला. "हौ रे, हौ," तो फटफटीला म्हणाला, अगदी मोऱ्याला म्हणायचा तसं. दोन्ही हात पोटाशी आले, अंग मागे गेलं, आणि आपल्याकडे ओढलेली मूठ सबंध पिळली गेली. फटफटी गुरकावून सुटली ती थेट गंजीत. मागचं चाक तेवढं बाहेर फिरत राहिलं.

ठकुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आरं, वैरण घालायची व्हती तर दावणीला बांधायची व्हती की तिला."

गाव पोट धरून हसलं. पेंढा झटकत चिमाजीही हसला. भिमा तेवढा हसला नाही. लंगडत तो कोंडाबाईजवळ आला.

"मावशे, ह्यो कासऱ्याचा हात हाय," तो म्हणाला. "पलटनीतबी असलं गडी यायचं, आपल्याच मावळातलं. भ्यालं की वढायचं. बैल वढला की थांबतो. ही वढली की पळती. ह्याला भ्याल्यावर हात सोडाया शिकवाया पायजे."

"शिकंल का?"

"काईजन शिकलं," भिमा म्हणाला, आणि गंजीतून फटफटी ओढायला गेला. जे शिकले नाहीत त्यांचं काय झालं, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

भिमाची शिकवण्याची तऱ्हा और होती. तो चिमाजीच्या उजव्या हातात कच्चं अंडं द्यायचा, रानात चालायला लावायचा, आणि मागून कधीतरी अचानक पत्र्याचा डबा बडवायचा. दचकून हात आवळला की अंडं फुटायचं. अंडी कोंडाबाईच्या कोंबड्यांची. संक्रांतीपर्यंत घरात कोणाला अंडं म्हणून दिसलं नाही. चिमाजीची बायको फुलाबाई कोपरापर्यंत पिवळा झालेला नवऱ्याचा हात धुवायची आणि म्हणायची, "आत्याबाई, धन्यांना फटफटी ईल का न्हाई ठावं न्हाई, पर हात लई मऊ झाल्यात."

शेवटी एके दिवशी डबा वाजला आणि अंडं शाबूत राहिलं. भिमाने पागोटं उडवलं. मानसिंगरावांना निरोप गेला, गडी तयार आहे. कोंडाबाई तेव्हा शेजारच्या वाफ्यात कांदा लावत होती. तिने पाहिलं होतं: त्या दिवशी भिमाची सावली पुढे पडत होती, आणि डबा उचललेला हात चिमाजीला सावलीत दिसला होता. डबा वाजणार हे त्याला आधीच कळलं होतं. ती वाकून कांदा लावत राहिली. इतक्या दिवसांनी पोराच्या तोंडावर आलेलं हसू तिला पुसवलं नाही.

चिमाजी फटफटी चालवू लागला आणि चांगली चालवू लागला. जे दिसतं, जे आधी कळतं, तिथे त्याचा हात कधी चुकला नाही. ओल्या रस्त्यावर हळू जायचा. पुलाच्या तोंडाशी उतरून ढकलत न्यायचा. चुकायचा तो फक्त अचानक. आणि अचानक जे व्हायचं ते बघणाऱ्यांना वेगळंच दिसायचं.

नसरापूरच्या बाजारात कोंडाबाईने ते स्वतः पाहिलं. ती मेथीच्या जुड्या मांडून रस्त्याच्या कडेला बसली होती. फटफटीचा आवाज आला तशी तिने मान वर केली. तेवढ्यात दावं तुटलेलं एक वासरू उसळत रस्त्यात आलं. चिमाजीचे हात पोटाशी आले. अंग मागे गेलं. डोळे मिटले. इतक्या गर्दीत त्याचे मिटलेले डोळे फक्त तिने पाहिले, कारण फक्त तिलाच तिथे बघायचं होतं. फटफटीने डरकाळी फोडली आणि वासराच्या शेपटाला घासून, कुंभाराच्या मडक्यांजवळून ती बाणासारखी निघून गेली.

मग बाजार ओरडला. कुणी शिट्टी मारली. "वाघ हाय रे, वाघ," शेजारचा कांदेवाला म्हणाला. रस्त्यापलीकडे आपल्या मोटारीत मानसिंगराव बसले होते. काच खाली करून ते मागच्या माणसाला म्हणाले, "हा गडी भीत नाही. महाडची लाईन ह्यालाच द्यायची."

कोंडाबाईने विसकटलेल्या जुड्या गोळा केल्या.

महाडची लाईन म्हणजे वरंधा घाट. पुण्याहून वर्तमानपत्रं आणि पार्सलं घेऊन पहाटे निघायचं, भोर करून घाट उतरायचा, महाडला माल टाकायचा आणि परत. रोज. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, आणि वळण वळल्याशिवाय पलीकडे काय आहे ते देवालाच ठाऊक. लाईन परवाच्या पहाटे सुरू व्हायची होती; पार्सलांसाठी मागे लोखंडी पेटी बसवायची म्हणून चिमाजी फटफटी घेऊन आधीच पुण्याला निघाला. कोंडाबाई त्याला भाकरी बांधून देत होती.

"आये, तू कुनाला बोलली न्हाईस न्हवं?"

"काय?"

"त्येच."

ती फडक्याची गाठ मारत राहिली. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"मला कळतच न्हाई कवा मूठ पिळली जाती," तो दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला. "डोळं उगडतो तवा जनावर मागं गेल्यालं असतं आन् लोक वरडत असत्यात. मग म्याबी हसतो."

"आन् एक दिस जनावर मागं न्हाई गेलं तर?"

चिमाजीने गाठोडं हातात घेतलं. "जलमात पयल्यांदा मला कुनी भित्रा म्हनत न्हाई, आये," तो म्हणाला. "फुलाबी म्हनत न्हाई. तेवढं ऱ्हाऊ दे."

तो गेल्यावर कोंडाबाई तडक शेडमध्ये भिमाकडे गेली. भिमा टायरला ठिगळ लावत होता. तिने सांगायला सुरुवात केली तशी त्याने मान खाली घातली. त्याला सगळं ठाऊक होतं.

"तू मालकाला सांग की," ती म्हणाली.

"म्या सांगू? म्याच पास केला त्याला." भिमाने ठिगळावर बोट दाबून धरलं. "आन् लंगड्यानं सांगितलं तर लोक काय म्हनतील? सवताला बसाया येत न्हाई म्हून दुसऱ्याला उतरवतोय. मालक तर हसतीलच. तुमी म्हनताय तो भितो, आन् त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी वाघ बघितलाय."

"मंग?"

"मंग काय न्हाई, मावशे. घाटात सकाळच्या पारी गर्दी कमी असती. तेवढंच."

एवढ्या मोठ्या भरवशावर पोराला घाटात सोडायचं. कोंडाबाई दुसऱ्या दिवशी भोरला निघाली. मानसिंगराव आठवड्यातून एकदा भोरच्या आपल्या ऑफिसात बसतात, त्यांच्या पायाशीच बसावं, असं तिने ठरवलं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. बाकी सगळ्या बाजूंनी विचार करून झाला होता. सांगितलं तर काम जाणार. सांगितलं तर नाव जाणार. चिमाजी पुन्हा तिच्या हातची भाकरी खाईल की नाही, हेही धड नव्हतं. आणि एवढं करून तो थांबेल का? भोरमध्ये आता आणखी दोघांकडे फटफट्या आल्या होत्या, आणि वाघ कुणालाही हवा होता.

मोटारीत तिच्या बाकावर बिरू नावाचा म्हातारा धनगर बसला होता, वेल्ह्याकडच्या डोंगरातला. खांद्यावर घोंगडी, मांडीवर औषधाची बाटली.

"कुठं, आजा?" तिने विचारलं.

"भोरास्नं फुडं. वाडा निघालाय न्हवं आमचा." वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, बायका-पोरं, सगळा त्यांचा फिरता संसार. "पाऊस सरला की खाली कोकनात उतरतो आमी. आज घाटाच्या तोंडाला मुक्काम. उद्या पहाटंच्याला उतरनार."

"कंच्या घाटानं?"

"वरंध्याच्या. दुसरा कंचा?" म्हातारा बोळकं पसरून हसला. "समदा घाट पांढरा व्हतो बघ मेंढरांनी. पोरं फुडं, मेंढरं मागं. वळनावळनाला. मोटारवालं लई शिव्या देत्यात, पर काय करनार? थांबत्यात बापडं."

कोंडाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. मोटारवाले थांबतात. पोरं पुढे, मेंढरं मागे. वळणावळणाला. आता ती नुसती आपल्या पोराची काळजी राहिली नव्हती.

भोरला ती उतरली तेव्हा दुपार कलली होती. ऑफिसात मानसिंगरावांची खुर्ची मोकळी होती. ज्ञानू कारकून तिकिटांच्या गठ्ठ्यावर रबर चढवत होता.

"मालक पुण्यालाच आहेत, मावशी. उद्या नवी लाईन सुरू व्हायची, तिकडनंच नारळ फोडणार. तुमच्या वाघाला हार घालणार म्हणे. तुम्ही हिकडं कशाला आलात?"

"उद्या किती वाजता निघंल त्यो?"

"पहाटे. उजाडता उजाडता घाटात."

ती भिंतीला टेकून खाली बसली. शेवटची मोटार पुण्याला पोचेस्तोवर काळोख होईल. तिथे मालकाचं घर कुठे, कुणाला विचारायचं, आत कोण घेईल? ज्ञानूच्या टेबलावर काळं यंत्र होतं. मोटार कुठे बसली, किती उतारू निघाले, हे पुण्याला कळवायला ते आणलेलं. तिने त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं.

"ज्ञानोबा, ह्यातनं मालकाशी बोलता येतं?"

"येतं की. का?"

"मला बोलायचंय."

ज्ञानूने रबर ठेवून दिलं. "काय निरोप आहे तो मला सांगा. मी सांगतो."

"तुज्या सांगन्यातला न्हाई तो."

"बरं बाई." तो जरा हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "पण एक आहे, मावशी. हे तुम्ही शेजारणीशी बोलता तसं चालत नाही. पुण्याला तार लांब. ओरडून बोलावं लागतं, नाहीतर पलीकडे काही कळत नाही. मी बोलतो तेव्हा समोरच्या चहाच्या दुकानापर्यंत ऐकू जातं."

समोर चहाच्या दुकानाच्या बाकड्यांवर माणसं बसली होती. त्यांत कामथडीच्या मोटारीतले दोघं होते. बाहेर पडवीत औषधाची बाटली मांडीवर घेऊन बिरू पुढच्या गाडीची वाट बघत होता. आज संध्याकाळपर्यंत भोर, उद्या नसरापूर, परवा पाणवठा. आणि फुलाबाई. आणि चिमाजी, ज्याने दाराशी टेकून एवढंच मागितलं होतं.

काय बोलायचं ते आता ठरलं होतं. चारच शब्दांचं काम होतं, आणि ते हळू बोलता येणार नव्हतं. मालक, माजा पोरगा भितो. एवढं ओरडायचं. मालक हसले तर पुन्हा ओरडायचं. हसणं थांबेपर्यंत ओरडायचं. त्यांनी फटफटी काढून घेतली, तर पोराच्या तोंडाकडे कसं बघायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. नाही काढून घेतली तर काय, तेही ठाऊक नव्हतं.

तिच्या लक्षात आलं, की आपण भाकरीचं फडकं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट ओढून धरलंय आणि भिंतीशी मागे रेललोय. बोटं इतकी आवळली होती की ती एकेक करून सोडवावी लागली.

"लाव, ज्ञानोबा," ती म्हणाली आणि उठून टेबलापाशी गेली.